जातानाही पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडे : सिंगापूर ते न्यूयॉर्क

मंगळवार, सिंगापूर

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी अंतर १५,३४९ किलोमीटर आहे. पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे वीस हजार किलोमीटरपेक्षा अधिक दूर असूच शकत नाहीत, कारण त्यापुढे गेले की माणूस दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतो. त्या कमाल अंतराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वाटेत कोठेही न थांबता ओलांडणारे हे उड्डाण जगातील सर्वांत लांब नियमित प्रवासी उड्डाणांपैकी आहे, आणि त्यासाठीच मी ही वाट निवडली. दोन शहरांमधले अंतर विचारले की एक आकडा मिळतो आणि प्रवासाचा वेळ विचारला की दुसरा. पण पहिल्या आकड्यातून दुसरा कसा निघतो, हे मला प्रत्यक्ष वाटेवर बसून पाहायचे होते.

आज दिवसभर हाताशी वेळ होता, म्हणून अंतराचे गणित कागदावर मांडले. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा ते दीड अंशावर आहे आणि त्याचे रेखांश सुमारे १०४ अंश पूर्व आहे. केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम येथे आहे. दोन्ही रेखांशांची बेरीज जवळजवळ १७८ अंश होते, म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखावृत्तांवर वसलेली आहेत. अशा दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग पूर्वेकडून जात नाही आणि पश्चिमेकडूनही जात नाही. तो सरळ उत्तरेकडे जातो, ध्रुवाच्या अंगावरून पलीकडे उतरतो आणि तेथून पुढे तोच मार्ग दक्षिणेकडचा होतो. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत साडेअठ्ठ्याऐंशी अंशांहून थोडे अधिक आणि ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत एकोणपन्नास अंशांहून थोडे अधिक, असे मिळून १३८ अंश भरतात. अक्षांशाच्या एका अंशात साठ मिनिटे आणि प्रत्येक मिनिटाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे धरले की १५,३३५ किलोमीटर येतात. छापील आकड्याच्या इतके जवळ केवळ पेन्सिलीने पोहोचता येते, याचा मला खरोखर आनंद झाला. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे जो थोडा फरक पडतो, तो संगणकावर सोडावा.

काटेकोरपणे पाहिले तर हे बृहद्वृत्त, म्हणजे गोलावरच्या या सर्वांत जवळच्या मार्गाचे वर्तुळ, ध्रुवबिंदूवरून जात नाही, त्याच्यापासून सुमारे २८० किलोमीटरवरून जाते. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ही वाट कोणी आखणारच नाही, कारण १५६९ साली नकाशाकार मर्केटरने गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची जी रीत मांडली, त्या प्रक्षेपणात ध्रुव कागदावर येतच नाहीत. त्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा हिंदी महासागर, आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते आणि खऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाहून हजारो किलोमीटर लांब पडते.

दुपारी आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहिली. जानेवारीच्या मध्यात सिंगापुरात सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर एक वाजून गेल्यावर, साधारण सव्वा वाजता. रेखांशानुसार या शहराची वेळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवी, पण १ जानेवारी १९८२ पासून ती आठ तास पुढे आहे; त्या दिवशी मलेशियाने आपल्या द्वीपकल्पाची घड्याळे अर्धा तास पुढे केली आणि सिंगापूरनेही तसेच केले. त्यामुळे न्यूयॉर्कशी सूर्याच्या हिशोबाने पडणारा फरक बारा तासांना थोडा कमी असला, तरी हिवाळ्यात घड्याळांतला फरक तेरा तासांचा आहे. वेळापत्रक वाचताना हा तास लक्षात ठेवावा लागतो.

बुधवार, पॅसिफिकवर

मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाच्या सुमारास विमान फलाटापासून मागे सरकले. वेळापत्रकात छापलेला प्रवासाचा वेळ येथे सुरू होतो, चाके जमीन सोडतात तेव्हा नव्हे. आणि तो संपतो तोही चाके टेकल्यावर नव्हे, तर पलीकडच्या फलाटाशी विमान उभे राहिल्यावर. दोन्ही टोकांना धावपट्टीपर्यंतचे रांगणे, रांगेतली वाट पाहणे आणि थोडी राखीव मिनिटे धरून हा आकडा ठरवलेला असतो. म्हणून तिकिटावरचे तास आणि हवेतले तास हे दोन वेगळे हिशोब आहेत. आमच्या बाबतीत त्यांच्यात सुमारे पाऊण तासाचा फरक पडला.

हे विमान एअरबसचे ए३५०-९०० यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याचे, होते. नेहमीच्या ए३५०-९०० मध्ये इंधनाची व्यवस्था बदलून हा प्रकार तयार केलेला आहे. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावते, ज्याचे वजन सुमारे १३० टन होते, आणि विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन आहे. म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर हवेत उचलल्या जाणाऱ्या वजनाचा जवळपास निम्मा भाग इंधनच असतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५०-९०० मध्ये २५३ आसने असतात, तर या विमानात केवळ १६१, आणि इकॉनॉमी वर्ग मुळीच नाही. प्रवाशांच्या सोयीसाठी एवढी जागा सोडली असावी असे सहज वाटते. खरे कारण वजनाचे आहे. सतरा-अठरा तासांच्या उड्डाणात शेवटच्या तासासाठी लागणारे इंधन आधीचे सगळे तास वाहून न्यावे लागते, आणि ते वाहण्यासाठी पुन्हा इंधन जाळावे लागते. अंतर वाढत जाते तसे इंधन त्याच प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढते. जगात अशी उड्डाणे मोजकीच असण्यामागचे हे मूळ कारण आहे.

हे गणित पूर्वी एकदा बिघडलेही होते. याच कंपनीने २००४ मध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचे न्यूअर्क हे थेट उड्डाण चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानाने सुरू केले होते आणि २०१३ मध्ये ते बंद करावे लागले. चार इंजिनांची इंधनाची भूक एवढ्या लांब पल्ल्याला परवडेना. दोन इंजिनांचे, हलक्या संमिश्र तंतुमय द्रव्यांचे विमान हाती आल्यावर ११ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री ते उड्डाण पुन्हा सुरू झाले, आणि पहिल्याच फेरीने १७ तास ५२ मिनिटांत न्यूअर्क गाठले. केनेडी विमानतळाचे उड्डाण २०२० च्या नोव्हेंबरात आले.

उड्डाणानंतर समोरच्या पडद्यावरचा नकाशा मी लावून ठेवला आणि तो शेवटपर्यंत बंद केला नाही. विमान उत्तरेकडे वळलेच नाही. ते ईशान्येला दक्षिण चीन समुद्रावरून, फिलिपाइन्सच्या बाजूने जपानच्या दिशेने निघाले. काल कागदावर काढलेला जवळचा मार्ग आर्क्टिकवरून सैबेरिया, मंगोलिया, चीन आणि थायलंडचे आखात असा आहे, आणि २०२२ पासून अनेक विमान कंपन्या रशियाच्या हवाई हद्दीतून जात नाहीत. पण ती हद्द खुली असती, तरी जानेवारीच्या रात्री ही पॅसिफिकची वाट निवडण्याला दुसरे भक्कम कारण होतेच, आणि ते म्हणजे वारा.

मध्य अक्षांशांत, जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या अरुंद आणि अतिशय वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधातील हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन या दोहोंतून तो निर्माण होतो, म्हणून हिवाळ्यात ही तफावत वाढली की तो अधिक जोरकस होतो. जपानच्या आसपास आणि त्याच्या पूर्वेस हा प्रवाह पृथ्वीवर सर्वांत बलवान असतो आणि काही वेळा ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे १९२० च्या दशकात मोजले आणि जगाने वाचावे म्हणून आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला. तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा वैमानिकांना हे वारे अंगावर घेऊन कळले. इतक्या निगुतीने केलेले काम अठरा-वीस वर्षे पडून राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतील वेग सुरुवातीला ताशी नऊशेच्या घरात होता. ध्वनीच्या वेगाच्या पंचाऐंशी शतांश वेगाने, उणे पन्नास-पंचावन्न अंशांच्या हवेत उडणाऱ्या विमानाचा हवेतला वेग साधारण एवढाच असतो. जपानच्या दक्षिणेकडून आम्ही पूर्वेला वळलो आणि हा आकडा हळूहळू चढत साडेअकराशेपर्यंत गेला. इंजिने तेवढीच चालत होती, विमान आपल्या भोवतीच्या हवेतून तेवढ्याच वेगाने जात होते. जी वाढ दिसत होती ती संपूर्णपणे त्या हवेच्या स्वतःच्या गतीची होती. उंचीही मधूनमधून एकेक पायरी वाढत होती. भरलेले विमान सुरुवातीला फार वर चढू शकत नाही. इंधन जळून ते हलके झाले की विरळ हवेत, कमी रोधात जाणे किफायतशीर ठरते.

जपानच्या दक्षिणेला, उड्डाणाला सुमारे साडेचार तास झाले असताना, सूर्य उगवला. आम्ही त्याच्याकडे धावत असल्यामुळे तो भराभर वर आला आणि त्याच घाईने मागे पडला. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तेव्हा खालच्या समुद्रावर बुधवारचा मंगळवार झाला, आणि अलास्काच्या दक्षिणेला पोहोचण्याआधीच मावळतीचा रंग खिडकीत आला. हा दिवस साधारण सहा तासांचा होता. पुढची रात्र कॅनडावरून जाण्यात गेली. केनेडी विमानतळावर उतरलो तेव्हा तेथे बुधवारच्या पहाटेचे पाच वाजून गेले होते. निघालो त्याच तारखेला, निघाल्या वेळेनंतर घड्याळात जेमतेम पाच तासांनी आम्ही पोहोचलो होतो, आणि सकाळी सव्वासातच्या पुढे हडसनच्या काठच्या इमारतींवर बुधवारचा दुसरा सूर्योदय झाला.

एका उड्डाणात दोन सूर्योदय पाहणे हा कधीकाळी नियमित प्रवासही होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, क्वांटासची कॅटालिना जलविमाने पर्थ ते श्रीलंका ही वाट २७ ते ३३ तासांत न थांबता पार करत, आणि प्रवाशांना आकाशातच दुसरी पहाट दिसे, म्हणून त्या सेवेला दुहेरी सूर्योदयाचे नाव पडले. ते अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास होते. आज मी त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब वाट त्याहून दहा-पंधरा तास कमी वेळात पार केली होती.

पडद्यावरच्या नोंदीनुसार आमची प्रत्यक्ष वाट साडेसोळा हजार किलोमीटरच्या घरात भरली आणि हवेतला वेळ १७ तास १८ मिनिटे होता. वारा मुळीच नसता तर तेवढ्या वाटेला अठरा तासांहून अधिक लागले असते. दुसरीकडे, ध्रुवाजवळून जाणारी १५,३४९ किलोमीटरची वाट शांत हवेत सतरा तासांत पुरी झाली असती. म्हणजे अकराशे किलोमीटरचा वळसा घेऊनही आम्ही फक्त पाव तास मागे होतो. वाऱ्याने वळशाची जवळजवळ पूर्ण भरपाई केली होती.

गुरुवार, न्यूयॉर्क

शरीराचे घड्याळ बदललेले नव्हते. माणसाच्या शरीराची अंगभूत लय चोवीस तासांहून किंचित मोठी असते आणि ती दिवसाला साधारण एक तास या गतीने नव्या वेळेकडे सरकते. लयीचे हे यंत्र पेशींमध्ये कसे चालते, हे उलगडल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या तीन संशोधकांना मिळाले, त्यांपैकी मायकेल यंग याच शहरातील रॉकफेलर विद्यापीठाचे. तेरा तासांचा फरक विशेष अवघड असतो, कारण पुढे सरकावे की मागे, याचा निर्णय शरीराला लवकर करता येत नाही. सकाळच्या उजेडात खूप चालणे हा एकच उपाय मी केला.

येथील दुपार मात्र घड्याळाला धरून आली. सूर्य बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास सर्वांत उंच होता. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी प्रमाणवेळा लागू केल्या, तेव्हा न्यूयॉर्कची घड्याळे केवळ चार मिनिटांना दोन सेकंद कमी एवढीच मागे घ्यावी लागली, कारण हे शहर ७५ अंश पश्चिम रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे. दोन शहरांमधला प्रवासाचा वेळ मोजता यावा, यासाठीच आधी एकमेकांशी जुळणारी घड्याळे लागतात. प्रत्येक गावाची स्वतःची दुपार असेल तर कोणतेही वेळापत्रक छापता येत नाही. विमानांच्या कितीतरी आधी रेल्वेने हा प्रश्न सोडवला होता.

शुक्रवार, न्यूयॉर्क

हडसन नदीच्या धक्क्यावर इंट्रेपिड या जुन्या विमानवाहू युद्धनौकेचे संग्रहालय आहे, आणि तेथे ठेवलेले ध्वनीहून वेगवान कॉंकॉर्ड प्रवासी विमान पाहण्यासाठी मी संपूर्ण सकाळ राखून ठेवली होती. या विमानाची नोंदणी जी-बीओएडी अशी आहे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी याच विमानाने न्यूयॉर्कहून लंडन २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत गाठले, आणि प्रवासी विमानाने या वाटेवर केलेला तो विक्रम आजही मोडलेला नाही.

मला त्याच्या आयुष्यातला आणखी एक काळ आठवत होता. १९७७ च्या डिसेंबरात ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी मिळून लंडन-बहारीन-सिंगापूर अशी कॉंकॉर्ड सेवा सुरू केली. तीनच फेऱ्यांनंतर मलेशियाच्या आक्षेपामुळे ती थांबली, १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद पडली. त्या सेवेसाठी ज्या एका विमानाच्या डाव्या अंगावर सिंगापूर एअरलाइन्सचे रंग चढवले होते आणि उजव्या अंगावर ब्रिटिश एअरवेजचे ठेवले होते, ते हेच. माझ्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना पोहोचलेले, पण त्या दोन टोकांमधली वाट कधीही न उडालेले विमान माझ्यासमोर उभे होते. ती वाट त्याला शक्यच नव्हती. ध्वनीच्या दुप्पट वेगाने, अठरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या या विमानाचा पल्ला सुमारे ७,२०० किलोमीटर होता. सिंगापूर ते न्यूयॉर्क जायला त्याला निदान दोनदा उतरून इंधन घ्यावे लागले असते, आणि शिवाय जमिनीवरून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाण्यास अमेरिकेने १९७३ पासून बंदी घातलेली असल्यामुळे कागदावरचे सात तास प्रत्यक्षात कधीच उतरले नसते.

त्याच्या अरुंद केबिनमध्ये उभी असताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. गेल्या पन्नास वर्षांत प्रवासी विमानांचा वेग वाढलेला नाही, उलट कॉंकॉर्ड गेल्यावर तो घटला. १९५८ च्या ऑक्टोबरात पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला पहिल्यांदा गेले, तेव्हाचा त्याचा वेग आणि आजच्या ए३५० चा वेग यांत सांगण्यासारखे अंतर नाही. ते ७०७ मात्र इंधनासाठी वाटेत कॅनडाच्या किनाऱ्याकडील गँडरला उतरले होते. वाढला तो पल्ला. लांबच्या दोन शहरांमधले तास कमी झाले ते वेगाने उडाल्यामुळे नव्हे, तर मध्ये न थांबल्यामुळे; एका थांब्याला उतरणे, इंधन घेणे आणि पुन्हा चढणे यांत जे दोन-तीन तास जातात, तेच या नव्या विमानांनी वाचवले आहेत. मी या प्रगतीला कॉंकॉर्डच्या वेगाइतकीच मोठी मानते, जरी तिच्यासाठी कोणी धक्क्यावर गर्दी करत नसले तरी.

शनिवार, न्यूयॉर्क

दिवसभर हिमवृष्टी होती. बाहेर फारसे जाता आले नाही, म्हणून परतीच्या वाटेचा अभ्यास केला आणि लवकर झोपले.

रविवार, केनेडी विमानतळ

परतीचे उड्डाण रात्री साडेदहाचे होते आणि वेळापत्रकात पावणेएकोणीस तासांच्या आसपासचा अवधी होता. फलाट सोडल्यावर आम्ही धावपट्टीकडे न जाता पंखांवरचे बर्फ काढण्याच्या जागेकडे गेलो. पंखाच्या पृष्ठभागावर बर्फाचा पातळ खरखरीत थर जरी राहिला, तरी त्यावरून वाहणारी हवा विस्कटते आणि विमान उचलणारे बल घटते. म्हणून गरम द्रावणाने बर्फ धुऊन काढतात आणि मग पुन्हा बर्फ धरू नये यासाठी दुसरे दाट द्रावण फवारतात. या सगळ्यात अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ गेला. अंतर एका मीटरनेही न बदलता प्रवासाचा वेळ असा वाढतो.

सोमवार, अटलांटिकपासून बंगालच्या उपसागरापर्यंत

जाताना ज्या वाऱ्याने साथ दिली, तोच परतीच्या वाटेवर समोरून येणार, असे कोणालाही वाटेल, आणि बहुतेक शहरांच्या जोड्यांबाबत ते खरेही आहे. न्यूयॉर्कहून लंडनला जायला लागतात त्याहून परत यायला साधारण तासभर अधिक लागतो. २०२० च्या फेब्रुवारीत किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्याच रात्री उलट दिशेने येणाऱ्या विमानांना त्या वाऱ्याची किंमत मोजावी लागली असणार. पण सिंगापूर आणि न्यूयॉर्क समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असल्यामुळे पूर्वेकडून गेले काय आणि पश्चिमेकडून गेले काय, अंतरात फारसा फरक पडत नाही. म्हणून विमानाला दोन्ही वेळा पूर्वेकडेच जाता येते. आम्ही पॅसिफिककडे परत वळलो नाही; अटलांटिकवर निघालो.

याच गोष्टीसाठी मी ही जोडी निवडली होती. पाठीवर वारा घेऊन गेलो आणि पाठीवर वारा घेऊनच परतलो. दोन्ही उड्डाणे मिळून पृथ्वीला पूर्वेकडून एक पूर्ण प्रदक्षिणा झाली, जरी तिची लांबी तेहतीस-चौतीस हजार किलोमीटरच भरली. विषुववृत्ताचा ४०,०७५ किलोमीटरचा घेर गाठायची गरज नव्हती, कारण वाटेचा मोठा भाग वरच्या, लहान घेराच्या अक्षांशांतून गेला.

आयर्लंडच्या अलीकडे उजाडले. युरोप ढगांखाली गेला. काळा समुद्र, कॉकेशसची हिमाच्छादित रांग आणि कास्पियन एवढे मात्र स्वच्छ दिसले, आणि कास्पियन ओलांडताच अंधार पडला; हा दिवस जाण्याच्या वेळच्या दिवसाहूनही लहान, पाच तासांच्या आतबाहेरचा होता. वैमानिकांची पाळी बदलली. एवढ्या लांब उड्डाणावर चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने विश्रांतीच्या खाटांवर झोपतात, कारण माणसाची सलग जागे राहण्याची क्षमता हीदेखील पल्ल्याची एक मर्यादा आहे. दक्षिणेकडे उतरू लागल्यावर जेट स्ट्रीम मागे राहिला, वेग पुन्हा नऊशेवर आला आणि भारतावरून व बंगालच्या उपसागरावरून जाणारे शेवटचे तास सर्वांत संथ वाटले.

या तासांत मी एका प्रयोगाचा विचार करत होते. १९७१ च्या ऑक्टोबरात जे. सी. हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची आण्विक घड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांतून, आसनांवर ठेवून, पृथ्वीभोवती फिरवली. आधी पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे. जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा वेग पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगात मिळतो, म्हणून वेगामुळे काळ मंदावण्याचा परिणाम तेथे उंचीमुळे काळ वेगाने सरकण्याच्या परिणामावर मात करतो. सापेक्षता सिद्धांताने जे भाकीत केले होते, त्याच्याशी हे आकडे जुळले. दोन्ही वेळा पूर्वेकडे जाणाऱ्या माझ्या प्रवासाचा वेळही अशाच काही नॅनोसेकंदांनी जमिनीवरच्या माणसांहून कमी भरला असेल.

मंगळवार, सिंगापूर

पहाटे सहाच्या सुमारास, उजाडण्याआधी, चांगीला उतरलो. हवेतला वेळ १७ तास ४० मिनिटांच्या जवळपास होता, जाण्याच्या वेळेपेक्षा वीस-बावीस मिनिटांनी अधिक.

शेवटचा हिशोब वारांचा राहिला होता. माझा बुधवार सिंगापूरच्या मध्यरात्री सुरू झाला आणि न्यूयॉर्कच्या मध्यरात्री संपला, म्हणजे तो ३७ तासांचा होता. सोमवार न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सुरू झाला आणि सिंगापूरच्या मध्यरात्री, मी हवेत असताना, अकरा तासांत संपला. दोन्ही मिळून ४८ तास होतात. घड्याळाने जेवढे दिले तेवढेच परत घेतले. सूर्योदय मात्र परत घेता येत नाहीत. बुधवारपासून आजपर्यंतच्या तारखांपेक्षा माझ्या वाट्याला एक सूर्योदय अधिक आला, कारण पूर्वेकडून पृथ्वीला फेरी घालणाऱ्याला सूर्य एकदा जास्त भेटतो. मॅगेलनच्या मोहिमेतील व्हिक्टोरिया हे जहाज पश्चिमेकडून फेरी घालून १५२२ मध्ये केप व्हर्देला पोहोचले, तेव्हा खलाशांच्या नोंदवहीत बुधवार होता आणि बंदरावर गुरुवार. नोंदी रोज चोख ठेवल्या असूनही दिवस कोठे गेला, हे मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाला त्या वेळी कळेना. त्यांना सूर्य एकदा कमी भेटला होता. त्यांच्या फेरीला तीन वर्षे लागली होती. माझ्या फेरीला हवेतले पस्तीस तास लागले, आणि पुढच्या खेपेस पर्थहून लंडनला जाणारे १४,४९९ किलोमीटरचे उड्डाण घ्यावे असे मी ठरवले आहे, कारण त्या जोडीत दोन्ही वेळा पूर्वेकडे जाण्याची सोय नाही आणि समोरच्या वाऱ्याची नेमकी किंमत मिनिटांत मोजता येईल.